अकरावीतली मुलगी खरंच कॉलेजात जाते तेव्हा

"कॉलेजात जाते म्हणजे? अकरावीला आहे ना, मग कॉलेजातच जाणार की!" आई कोल्हापूरहून फोनवर म्हणाली, आणि अमेरिकेतली शाळकरी मुलं शाळेबरोबरच कॉलेजचाही अभ्यास कसा करतात हे मराठीत सांगायचं तर गोंधळ 'कॉलेज' या शब्दापाशीच सुरू होतो हे माझ्या लक्षात आलं.

महाराष्ट्रात १९७५ पासून दहावीनंतरची दोन वर्षं कनिष्ठ महाविद्यालयाची झाली. बोलताना आपण त्याला सरळ कॉलेज म्हणतो. पण अभ्यासक्रम बोर्डाचा, परीक्षा बोर्डाची आणि शेवटी हातात पडतं ते बारावीचं प्रमाणपत्र. पदवीच्या खात्यात त्यातलं काहीही जमा होत नाही. अमेरिकेत नववी ते बारावी ही चारही वर्षं हायस्कूलच. लॉकर, घंटा, पिवळी बस, सगळं शाळेचं. कॉलेज त्यानंतर. आणि तरीही माझी मुलगी अकरावीत असताना सकाळी गावातल्या कम्युनिटी कॉलेजात जाते, वीस वर्षांच्या मुलांच्या आणि कधी चाळिशीतल्या माणसांच्या शेजारी बसून शिकते, आणि दुपारी शाळेत परत येते. कॉलेजात तिने केलेला अभ्यास शाळेतही धरला जातो आणि पुढे पदवीतही.

या सोयीला इथे ड्युअल एनरोलमेंट म्हणतात. एका वेळी दोन संस्थांत नाव, एवढाच त्याचा अर्थ. २०२२-२३ या वर्षात अमेरिकेत जवळपास २५ लाख हायस्कूलच्या मुलांनी असा निदान एक कोर्स केला. कम्युनिटी कॉलेजांत तर साधारण पाच विद्यार्थ्यांमागे एक अजून शाळेत शिकणारा असतो. बेलव्ह्यू असो, फ्रीमाँट असो की एडिसन, मराठी घरांतल्या हळदीकुंकवापासून गणपतीपर्यंत कुठेही जा, "तुम्ही घेतलं का?" हा प्रश्न येतोच. उत्तरं मात्र अर्धवट ऐकीव असतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

क्रेडिट म्हणजे पासबुकातली नोंद

इथली पदवी वर्षांवर कमी आणि क्रेडिटवर जास्त मोजली जाते. एका सेमिस्टरचा नेहमीचा कोर्स ३ क्रेडिटचा. आठवड्याला तीन तास वर्ग, आणि घरी त्याच्या दुप्पट काम असं धरलेलं असतं. चार वर्षांच्या पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं, बहुतेक सरकारी, कमी फीचं आणि जवळजवळ सगळ्यांना दार उघडं ठेवणारं कॉलेज. तिथली असोसिएट पदवी साधारण ६० क्रेडिटची असते, आणि ती घेऊन पुढे विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता येतं. आम्ही राहतो त्या वॉशिंग्टन राज्यात (राजधानीचं वॉशिंग्टन वेगळं, ते दुसऱ्या टोकाला) वर्ष तिमाहीत विभागलेलं असतं, म्हणून हेच आकडे १८० आणि ९० होतात.

पासबुकात जसे पैसे थोडे थोडे जमा होतात तसे क्रेडिट जमा होतात. ड्युअल एनरोलमेंटमध्ये एकाच पावतीवर दोन खात्यांत जमा होते. आमच्याकडे कॉलेजचा ५ क्रेडिटचा इंग्रजीचा कोर्स शाळेच्या हिशेबात वर्षभराच्या इंग्रजीइतका धरतात. तीन महिन्यांत शाळेचं एक वर्ष आणि वर कॉलेजचे ५ क्रेडिट. हे ऐकलं की पालकांचे डोळे चमकतात. माझेही चमकले होते. पण तीन महिन्यांत वर्षाचं काम म्हणजे वेग किती, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

एपी वेगळं, हे वेगळं

मराठी घरांत सर्वांत जास्त गल्लत इथे होते. एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट. १९५५ च्या सुमारापासून कॉलेज बोर्ड ही संस्था ते चालवते. कॉलेजच्या तोडीचा विषय शाळेतच शिकायचा आणि मे महिन्यात एक परीक्षा द्यायची. गुण १ ते ५. बरीच विद्यापीठं ३ किंवा त्याहून जास्त गुणांना क्रेडिट देतात, नामांकित ठिकाणी ४ किंवा ५ मागतात.

आपल्या डोळ्यांसमोर बोर्डाची परीक्षा आणा. वर्षभर कितीही छान केलं, तरी त्या सकाळी ताप चढला तर क्रेडिट हातचं जातं. ड्युअल एनरोलमेंटमध्ये तशी एक निर्णायक सकाळ नसते. दर आठवड्याचं काम, निबंध, चाचण्या, प्रयोगवह्या यांची बेरीज होते. एखादी चाचणी बिघडली तर सावरता येतं. सलग तीन आठवडे आळस केला तर मात्र शेवटच्या रात्रीच्या घोकंपट्टीने काही वाचत नाही. परीक्षेच्या ताणाने गळपटणाऱ्या पण रोज नेमाने काम करणाऱ्या मुलांना दुसरी वाट मानवते. आयत्या वेळी जोर लावून बाजी मारणाऱ्यांना पहिली.

ड्युअल एनरोलमेंटमध्येही प्रकार आहेत. कॉलेजच्या आवारात जाऊन शिकायचं, घरी बसून ऑनलाइन शिकायचं, किंवा कॉलेजचा कोर्स शाळेच्याच वर्गात शाळेच्याच शिक्षकाकडून शिकायचा. २००९ मध्ये नववीत असलेल्या मुलांचा देशभर मागोवा घेतला गेला, त्यात असे कोर्स घेणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के मुलांनी ते आपल्याच शाळेत केले होते.

मग "शाळेतलेच सर शिकवणार तर ते कॉलेज कसलं?" ही शंका येते, आणि ती रास्त आहे. त्या शिक्षकाला कॉलेजची मान्यता लागते, अभ्यासक्रम आणि गुण देण्याचे निकष कॉलेजचे असतात. या प्रकाराचा दर्जा तपासायला १९९९ पासून एक राष्ट्रीय संघटनाही आहे. तरी शाळेशाळेत फरक पडतो. शक्य असेल तर मागच्या वर्षी तो कोर्स केलेल्या मुलाशी बोलावं. माहितीपत्रकापेक्षा त्यातून जास्त कळतं.

ही कल्पना आली कुठून

१९७२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज विद्यापीठाने आसपासच्या शाळांबरोबर असा एक उपक्रम उभा केला. बारावीतली हुशार मुलं शेवटच्या वर्षात कंटाळून जातात, ही शाळांची तक्रार त्यामागे होती. पण हे राज्याच्या कायद्यात पहिल्यांदा बसवलं मिनेसोटाने, १९८५ मध्ये. गव्हर्नर रूडी पर्पिच यांनी ते पुढे रेटलं. अकरावी-बारावीच्या मुलांनी कॉलेजात शिकावं आणि शाळेला त्या मुलामागे मिळणारा पैसा कॉलेजकडे वळावा, अशी ती योजना होती. शाळांना ते आवडलं नाही, कारण पैसा मुलाच्या पाठोपाठ निघून जाणार होता. वॉशिंग्टन राज्याने १९९० मध्ये तीच वाट धरली. आमच्याकडे तिला रनिंग स्टार्ट म्हणतात, म्हणजे धावत घेतलेली सुरुवात.

पैसे खरंच वाचतात का

रनिंग स्टार्टमध्ये शिकवणीची फी घरच्यांना भरावी लागत नाही. पुस्तकं, काही किरकोळ शुल्कं आणि जाण्यायेण्याचा खर्च आपला. कमी उत्पन्नाच्या घरांना शुल्कात सवलत मिळते. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजची फी युनिटमागे (तिथे क्रेडिटला युनिट म्हणतात) ४६ डॉलर आहे. २०१५ च्या कायद्याने शाळा आणि कॉलेज यांच्यात जे करार होतात, त्यांखालच्या मुलांना तीही द्यावी लागत नाही. फ्लोरिडातही सरकारी शाळांतल्या मुलांना फी नाही. प्रत्येक राज्याचं गणित वेगळं, आणि काही ठिकाणी घरच्यांना खिशातून भरावं लागतं. आपल्यापैकी जे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत, त्यांच्या मुलांना एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर शिकायला आडकाठी नसते. मात्र रहिवासी म्हणून फी लागते की बाहेरचे म्हणून, हे कॉलेजच्या प्रवेश कार्यालयात आधी विचारून घ्यावं. हा प्रश्न शाळेच्या समुपदेशकाला विचारून भागत नाही.

आता तुलना बघा. वॉशिंग्टन विद्यापीठात राज्यातल्या विद्यार्थ्याची वर्षाची फी बारा-तेरा हजार डॉलरांच्या घरात आहे. राहणं-जेवण वेगळं, आणि ते फीहून जास्त. म्हणजे पदवीचं एक वर्ष खरोखर कमी झालं तर बचत मोठी आहे. वाक्यातला महत्त्वाचा शब्द 'खरोखर' हा आहे.

"इतके क्रेडिट घेतले, पण पुढे कुणी धरलेच नाहीत"

एसटीचा पास पुण्यात पीएमपीच्या बसमध्ये दाखवला तर कंडक्टर उतरवेल. पास खोटा नसतो, फक्त ती बस त्याची नसते. क्रेडिटचंही तसंच आहे. कॉलेजने ते खरेच दिलेले असतात. पण धरायचे की नाही हे पुढचं विद्यापीठ ठरवतं.

त्याच राज्यातल्या सरकारी विद्यापीठात जायचं असेल तर वाट बरीच सपाट आहे. फ्लोरिडात सगळ्या सरकारी कॉलेजांत कोर्सना एकाच पद्धतीचे क्रमांक आहेत, त्यामुळे एकीकडचा कोर्स दुसरीकडे ओळखता येतो. टेक्ससमध्ये सरकारी संस्थांनी मान्य केलेला पायाभूत अभ्यासक्रम आहे. आमच्याकडे कम्युनिटी कॉलेजं आणि विद्यापीठांमध्ये करार आहेत. कॅलिफोर्नियात असिस्ट नावाच्या संकेतस्थळावर कम्युनिटी कॉलेजचं नाव आणि विद्यापीठाचं नाव टाकलं की कुठला कोर्स कशाच्या बदल्यात धरतात ते दिसतं. नोंदणीच्या आधी अर्धा तास तिथे घालवा, एवढं मी कॅलिफोर्नियातल्या प्रत्येक मैत्रिणीला सांगते.

राज्याबाहेर किंवा खासगी विद्यापीठात चित्र बदलतं. काही नामांकित खासगी संस्था असे क्रेडिट अगदी मोजके धरतात. जो कोर्स शाळेच्या पदविकेसाठी (हायस्कूल पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रासाठी) वापरला तो आमच्या पदवीसाठी चालणार नाही, असा काहींचा नियम असतो. एका पावतीवर दोन खात्यांत जमा, हीच गोष्ट त्यांना मान्य नसते.

आणि 'धरले' या शब्दातही खाचाखोचा आहेत. कोर्स मुख्य विषयात धरला तर उत्तम. सर्वांना सक्तीच्या पायाभूत विषयांत धरला तरी चांगलं. पण बऱ्याचदा तो मोकळ्या क्रेडिटमध्ये ढकलला जातो, म्हणजे कुठल्याच सक्तीच्या विषयाच्या जागी धरत नाहीत. आकडा वाढतो, काम कमी होत नाही.

इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी इथे थांबून नीट वाचावं, कारण आपल्यातले बरेचसे त्याच वाटेवरचे आहेत. इंजिनिअरिंगमध्ये कोर्सची साखळी असते. कॅल्क्युलसचा पहिला भाग झाल्याशिवाय दुसरा नाही, दुसऱ्याशिवाय तिसरा नाही, त्यानंतर पुढची समीकरणं, मग त्यावर आधारलेले मुख्य विषय. मानसशास्त्र, समाजशास्त्र, चित्रकलेची ओळख असे आठ कोर्स आधी करून ठेवले तरी ही साखळी आखूड होत नाही. स्वयंपाकात कोशिंबीर, चटणी, पापड सगळं आधी करून ठेवलं तरी डाळ शिजायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागतोच. वेळ वाचवायचा असेल तर डाळ आधी चढवावी लागते. म्हणजे गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र. आणि नेमके हेच कोर्स सोळाव्या वर्षी सर्वांत जड जातात. साखळी आखूड झाली नाही तरी पायाभूत विषय आधी झाल्याने पुढची वर्षं हलकी होतात, दुसरा एखादा विषय घ्यायला जागा मिळते. हा फायदा खरा आहे, फक्त तो एक वर्ष वाचण्याचा फायदा नव्हे.

एक भीती मात्र काढून टाका. इतके क्रेडिट घेतल्यावर मुलीला बदलीची, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून आलेली, विद्यार्थिनी समजून पहिल्या वर्षाच्या शिष्यवृत्त्या नाकारतील, असं पुष्कळ जण म्हणतात. हायस्कूल संपवून थेट अर्ज करणारी मुलं सर्वसाधारणपणे पहिल्या वर्षाचेच अर्जदार मानली जातात, पासबुकात ९० क्रेडिट असले तरी.

पुसता न येणारं प्रगतिपुस्तक

नववीतले कमी गुण पुढे कुणी विचारत नाही, असं आपण मुलांना समजावतो. कॉलेजच्या गुणांना ते लागू नाही. सोळाव्या वर्षी मिळालेला 'डी' कॉलेजच्या कायमच्या नोंदीत बसतो. पुढे डॉक्टरकीच्या शिक्षणाला अर्ज केला तर हायस्कूलमध्ये असताना केलेल्या कॉलेजच्या कोर्ससकट सगळ्या संस्थांच्या नोंदी द्याव्या लागतात आणि त्या सरासरीत मोजल्या जातात. बाविसाव्या वर्षी अर्ज करणाऱ्या मुलीच्या आड सोळाव्या वर्षीची तिमाही येऊ शकते.

म्हणून कॉलेजच्या वेळापत्रकातल्या दोन तारखा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात. पहिल्या तारखेपर्यंत कोर्स सोडला तर कुठेही खूण राहत नाही. दुसरीपर्यंत सोडला तर नोंदीत 'डब्ल्यू' येतो, म्हणजे मधून सोडला. तो सरासरीत मोजत नाहीत. त्यानंतर मात्र जे गुण मिळतील ते गळ्यात. पण कोर्स सोडला तर शाळेचा तेवढा विषयही राहून जातो, हे विसरू नये. पदविकेला इंग्रजी हवं होतं आणि कॉलेजचं इंग्रजी सोडलं, तर ते कुठे भरून काढायचं हे आधी शाळेत विचारून मगच सोडावं.

पालकांना उत्तर मिळत नाही

पहिल्या तिमाहीत मुलीचा रसायनशास्त्राचा पेपर बिघडला. मी कॉलेजात फोन केला. पलीकडच्या बाईंनी अत्यंत नम्रपणे सांगितलं की तुमच्या मुलीबद्दल मी तुमच्याशी बोलू शकत नाही. मी म्हटलं, ती सोळा वर्षांची आहे, मी तिची आई आहे. त्यांनी तेच वाक्य पुन्हा सांगितलं. फोन ठेवल्यावर मी रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

नंतर कळलं. १९७४ चा एक केंद्रीय कायदा आहे. शाळेत मुलाच्या नोंदींवरचा हक्क पालकांचा असतो. मूल कॉलेजात शिकू लागलं की तिथल्या नोंदींपुरता तो हक्क मुलाचा होतो, वय काहीही असो. शाळेत पाठवलेले गुण शाळेकडून पाहता येतात, मुलाने लेखी संमती दिली तर कॉलेजही बोलू शकतं. पण प्राध्यापकांना भेटायचं, मुदत मागायची, चूक झाली तर कबूल करायची, हे सगळं मुलाला स्वतः करावं लागतं. आपल्याकडे शाळेत सभेला जाऊन बाईंशी दोन शब्द बोलायची सवय असलेल्या आईबापांना हे फार जड जातं.

त्या पेपरनंतर माझी मुलगी स्वतः प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत गेली. वीस मिनिटं बसली. परत येऊन तिने मला फक्त एवढं सांगितलं की सर म्हणाले, तू प्रयोगवही लिहितेस तशी उत्तरं लिही. पुढचा पेपर बरा गेला.

सोळाव्या वर्षी झेपतं का

काहींना झेपतं, काहींना नाही, आणि हुशारीशी त्याचा संबंध आपल्याला वाटतो त्याहून कमी आहे. दोन तासिकांच्या मधले मोकळे तास ग्रंथालयात जातात की फोनवर, यावर बरंच ठरतं. वर्गात मोठी माणसं असतात, साहित्याच्या कोर्समध्ये मोठ्यांचे विषय येतात, कुणी ते मुलांसाठी गाळून देत नाही. आणि काहीतरी मागे राहतंच. दुपारच्या डब्याला जमणारा मैत्रिणींचा घोळका, शाळेचा बँड, वर्गातली थट्टा. ज्या मुलीला शाळा हवीहवीशी वाटते तिला क्रेडिटसाठी तिथून उचलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अर्धा दिवस, एक कोर्स, अशी सुरुवात करता येते. आम्ही तसंच केलं.

हे फक्त हुशार मुलांसाठी आहे का

उलट ज्यांना याची सर्वांत जास्त गरज आहे ती मुलं वेगळीच आहेत. २००२ पासून अमेरिकेत अशा शाळा निघाल्या ज्यांत सगळ्याच मुलांनी बारावीबरोबर कॉलेजचे क्रेडिट मिळवायचे. त्यांत गरीब घरांतली, घरात पहिल्यांदाच कॉलेजचं तोंड पाहणारी मुलं मुद्दाम घेतली. काही शाळांत जागांपेक्षा अर्ज जास्त आले, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. त्यामुळे चिठ्ठी निघालेली मुलं आणि न निघालेली मुलं यांची तुलना करता आली. हुशार मुलंच तिकडे गेली असतील, ही शंका त्यात उरत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, पाहणीचा काळ संपेपर्यंत पहिल्या गटातल्या २२ टक्के मुलांकडे कॉलेजची पदवी होती, बहुतेकांकडे दोन वर्षांची. दुसऱ्या गटात २ टक्के.

आणि तरीही बाहेरचं चित्र काय आहे? २००९ मध्ये नववीत असलेल्या मुलांच्या त्या देशव्यापी पाहणीत पदवीधर आईबापांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी असे कोर्स घेतले होते. ज्यांच्या आईबापांचं हायस्कूलही पूर्ण नव्हतं, त्यांच्यापैकी २६ टक्के. कारणं साधी आहेत. कॉलेजला सोडायला गाडी नाही, शाळेत कुणी सांगितलं नाही, फॉर्मवरचे शब्द घरात कुणाला कळले नाहीत. आमच्या मंडळात ही माहिती एका समारंभात दहा घरांत पसरते. मुलीच्या शाळेतल्या सफाई कामगाराच्या मुलीला ती कुणी सांगितली असेल, हा विचार मला सोडत नाही. गेल्या वर्षी शाळेच्या पालक सभेत आम्ही तिघी-चौघींनी आग्रह धरला की माहितीची बैठक संध्याकाळी सातनंतर ठेवा आणि स्पॅनिशमध्येही घ्या. ठेवली.

आपल्याकडे हे होईल का

आईने फोन ठेवण्याआधी हेच विचारलं. महाराष्ट्रात आज अकरावीच्या मुलीने प्रथम वर्षाच्या वर्गात बसावं आणि ते क्रेडिट पुढे पदवीत धरलं जावं, अशी रुळलेली वाट नाही. पण पासबुक तयार होत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर २०२१ मध्ये क्रेडिटची बँक आली, आणि २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात शाळेपासून पीएचडीपर्यंत सगळं शिक्षण क्रेडिटमध्ये मोजायचं ठरलं. ३० तासांचा अभ्यास म्हणजे एक क्रेडिट, वर्षाला ४०. शाळा आणि कॉलेज एकाच मापाने मोजले की एकाचं दुसऱ्यात धरायला निदान भाषा तरी तयार होते.

अमेरिकेत या मुलांना शाळेतून कॉलेजात न्यायला बस, गाडी, करार आणि चाळीस वर्षं लागली. मी ज्या कॉलेजात अकरावी-बारावी केली तिथे ज्युनिअर आणि सिनिअर एकाच इमारतीत होतं, आजही आहे. आमचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, प्रथम वर्षाच्या भौतिकशास्त्राचा तिसऱ्या. मधल्या सुट्टीत आम्ही त्याच जिन्यावर बसून डबा खायचो.